पूर्वेचा दोर

तात्या, दहाव्याला कावळ्यानं तुमच्या पानाला शिवायला जरा तरी उशीर करायचा होता.

मी तयारीनं आलो होतो. पवनेच्या काठी खडकावर पान ठेवलं, सगळे मागे सरले, आणि मी मनात म्हटलं, आता हा काही येत नाही. तात्यांचं एक मोठं राहून गेलंय आणि ते मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. घटकाभर जाईल, लोक चुळबुळतील, 'बैल इकनार न्हाई', 'म्हातारीला सांभाळू' अशी वचनं देऊन दमतील. मग मी, दत्तू शिंपी, पुढे होईन, हात जोडेन आणि सगळ्यांदेखत सांगून टाकेन. वाक्यं पाठ केली होती. खरं सांगतो, आवाज कुठं खाली घ्यायचा तेसुद्धा ठरवलं होतं. तर तो मेला कावळा, लोकांनी पाय मागे घेतले नाहीत तोच आला, भाताचा घास उचलला आणि गेला. सगळे म्हणाले, "तात्या तृप्त गेले." आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की माझ्यापाशी भाषण तयार आणि श्रोते धोतरं झटकत उठून घरी चाललेले.

म्हणून आता हे कागदावर. हेडमास्तर म्हणाले, "दत्तोबा, तेराव्याला वाचायला चार शब्द लिहा. जन्म, शिक्षण, कार्य, असं." मी म्हटलं, मास्तर, जन्म त्यांचा त्यांनाच ठाऊक नव्हता. मोठ्या पुराच्या आदल्या साली, एवढं सांगायचे. कुठला पूर असं विचारलं की चिडायचे. शिक्षण नाही. आणि कार्य म्हणाल तर एकच, चैत्रातली आपल्या भैरवनाथाची जत्रा. ती तुम्ही पंचवीसएक वर्षं भरवलीत. मास्तरांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग तेवढंच लिहा." तेवढंच! जसं काही ते तेवढंच आहे.

लोक म्हणतात जत्रा 'भरते'. पावसात डबकं भरावं तशी जणू आपोआप भरते. मीही तसंच समजत होतो. तुमच्या घरची कोपरी-बाराबंदी शिवता शिवता एकदा तुमच्याबरोबर माळावर आलो आणि माझा समज फिटला. जत्रेला आठ दिवस होते. तुम्ही वहाणा काढून बाभळीच्या बुंध्याशी ठेवल्या आणि चालायला लागलात. देवळापासून नदीपर्यंत, नदीपासून कुस्त्यांच्या आखाड्यापर्यंत, उभं आणि आडवं, जशी पेरणीची पाभर चालावी तसं. मी विचारलं, "तात्या, नवस हाय का काय?"

तुम्ही एका पायावर उभे राहिलात, तळव्यातला सराटा उपटलात आणि मला दाखवलात.

"ह्यो बग एक. लोक देवाला अनवानी येत्यात. त्यांच्या आदी आपन चालून घ्यावं."

"पन गडी लावून झाडून घ्या की."

"झाडल्यानं काटा हालतो. निगत न्हाई."

मीही तुमचं बघून वहाणा काढल्या. दहाव्या पावलाला परत घातल्या. तुम्ही हसला नाहीत. पण पुढे वर्षभर कुणाच्याही अंगात झगा घट्ट झाला की म्हणायचात, "दत्तूशेटला बोलवा. त्येंचे पाय लई नाजूक, मापबी नाजूक घेत्यात." राग आला किंवा खोडी काढायची असली की मी 'दत्तूशेट' व्हायचो. एरवी नुसता दत्तू.

त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं त्यानं मी अजून थक्क आहे. तुम्ही काठीनं मातीत रेघा ओढायचात. वाकडच्या गाड्या इथं सुटतील, रहाटणीच्या ओढ्याच्या अलीकडं, मधे आडोसा म्हणून गवताच्या पेंढ्यांचं बुचाड. का, तर वाकडचा एक पांढरा बैल आणि रहाटणीचा एक कोसा यांचं जमत नव्हतं. "बैलाचं भांडान बैलापाशी ऱ्हात न्हाई," तुम्ही म्हणालात. "आदी बैल, मंग मालक, मंग गाव." कासारांची दुकानं देवळापुढच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून, कारण बांगड्या भरायला बाई बसली की तिची पाठ गर्दीकडं नसावी. पाण्याचे रांजण देवळाकडं येणाऱ्या वाटेवर मांडायला लोक निघाले, तर तुम्ही ते उचलून परतीच्या वाटेवर नेलेत. "येताना मानूस देवाच्या तंद्रीत असतो. तान जाताना लागती." मी पुढच्या जत्रेत मुद्दाम रांजणापाशी उभा राहून पाहिलं. नारळ फोडून दहा पावलं गेलं की माणूस ओठांवरून जीभ फिरवत इकडंतिकडं बघायचा, आणि समोर रांजण असायचा. जणू देवानंच ठेवलाय. तुमचं नाव कुणी घेत नव्हतं. तुम्हाला तेच हवं होतं आणि मला तेच कळत नव्हतं.

कारण मला नाव हवं असतं, तात्या. मी मेळ्यात सोंगं काढणारा माणूस. टाळी नाही पडली तर मला रात्री जेवण जात नाही.

आता काठीचं सांगतो. गावाला ठाऊक आहे, पण तेराव्याला सोयरे येतील, पिंपरीच्या नव्या कारखान्यातली मंडळी येतील, त्यांच्यासाठी. आपल्या जत्रेत देवळापुढं काठी उभी करतात. दोन जोड बांबूंची, चिंचेच्या शेंड्याच्याही वर जाणारी, अंगावर रंगीत फडकी, टोकाला मोरपिसांचा कुंचा. फडकी मी शिवतो. काठीचा बुंधा दगडाच्या खळग्यात, आणि वरून चार दिशांना चार दोर. एकेका दोराला एकेका भावकीची पंधरा-वीस माणसं. एकानं जादा ओढलं तरी काठी जाते, एकानं सैल सोडलं तरी जाते. आणि खाली सगळी जत्रा. बुंध्याशी उभे राहायचे तुम्ही. डावा हात काठीला टेकलेला, उजव्या हातात पांढरा पंचा. पंचा ज्या बाजूला झटकलात तिकडच्यांनी ओढायचं, खाली सोडलात की तिकडच्यांनी द्यायचं. सकाळपासून काठी उभी होईतो तुम्ही अक्षर बोलायचा नाहीत. चार भावक्या, ज्या एरवी विहिरीच्या पाळीवरून एकमेकांच्या उरावर बसतात, त्या एका पंच्याकडं बघत ओढायच्या. उन्हात, भर दुपारी, हजारोंची जत्रा इतकी गप्प व्हायची की वर फडक्यांचा फडफडाट ऐकू यायचा. माझी फडकी बोलायची आणि मी गप्प. तेवढी घटका मला फार जड जायची.

म्हणून मी कर्ण्याचा हट्ट धरला.

लष्कर भागातल्या दुकानातून बॅटरीवरचा लाऊडस्पीकर भाड्यानं मिळायला लागला होता. मी तुमच्या ओट्यावर येऊन तुम्हाला सगळं समजावलं. हरवलेलं मूल सापडेल, आखाड्यातल्या जोड्या पुकारता येतील, आणि आता दापोडीला, पिंपरीला बाहेरगावची माणसं कामाला आलीत, मराठवाड्याची, कोकणातली, त्यांना आपले रिवाज कळत नाहीत, त्यांना सांगता येतील. तुम्ही तंबाखू मळत ऐकत होता.

"सांगून झालं?"

"झालं."

"कान आयकाया लागला की डोळा आळशी व्हतो, दत्तू."

"तात्या, जग पुढं चाललंय."

"जाऊ दे की. काठी जाग्यावर उभी ऱ्हाती."

आपलं हे भांडण पाच वर्षं चाललं. शेवटी तुम्ही कबूल झालात, एका अटीवर. काठीला हात लागल्यापासून ती उभी होईपर्यंत कर्णा बंद. मी देवळाच्या पायरीला हात लावून शब्द दिला.

त्या वर्षी कर्णा चिंचेवर बांधला. सकाळपासून मी नुसता बागडत होतो. हरवलेली दोन मुलं सापडवली, एक हरवलेली सासूही सापडवली. तिच्या सुनेनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आजही आठवतं. मग काठी उठायला लागली आणि मी कर्णा बंद केला. केला, तात्या. पण काठी अर्ध्यात आली, पूर्वेच्या दोराला गेनबा पैलवान पुढं होता, दंडाच्या बेटकुळ्या नुसत्या तटतटलेल्या, आणि समोर कारखान्यातली नवी मंडळी तोंड उघडून बघत होती. कुणीतरी त्यांना सांगायला नको का हा कोण आहे? माझ्या हातानं खटका दाबला. माझ्या हातानं म्हणतो, कारण मी ठरवलं नव्हतं.

"बघा मंडळी! पूर्वेच्या दोराला कोण? गेनबा पैलवान!"

गेनबानं आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव आभाळातून येताना ऐकलं. त्यानं वर पाहिलं. चिंचेकडं. हसला, आणि छाती फुगवून सरळ उभा राहिला. त्याच्या मागची पंधरा माणसंही वर बघायला लागली. पूर्वेचा दोर साडीच्या पदरासारखा सैल झाला.

काठी पश्चिमेला निघाली. पश्चिमेला कासारांची दुकानं होती, बांगड्या भरत बसलेल्या बायका, त्यांच्या कडेवरची पोरं. एकच किंकाळी उठली. दोरावरची माणसं दोर विसरून किंकाळीकडं बघायला लागली, कुणी आपली बायको शोधायला लागलं. तुम्ही पंचा झटकत होता आणि तुमच्याकडं कुणाचाच डोळा नव्हता.

तेव्हा तुम्ही पागोटं काढलंत.

मेल्याघरी तेवढं गावातला पुरुष उघड्या डोक्यानं उभा राहतो. तुमचं टक्कल काकींशिवाय कुणी पाहिलं नसेल. भैरवनाथापुढं, भर जत्रेत, तुम्ही पागोटं उतरवून खळग्याच्या कडेला ठेवलंत आणि बोडक्या डोक्यानं चालत निघालात, पश्चिमेला, कलणाऱ्या काठीच्या बरोबर खाली. धावला नाहीत. सराटे बघत चालायचात तसे चाललात. बायकांच्या पुढं जाऊन थांबलात, पाठ त्यांच्याकडं, तोंड दोरांकडं. ऊन तुमच्या डोक्यावर असं चमकत होतं की मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. आणि चारी दोरांचे डोळे, एक एक करून, त्या टकलावर आले. आता काठी पडली तर तात्यांवर पडणार होती. तुम्ही पंचा उचललात. पूर्वेला झटकलात.

गेनबा ओरडला नाही, काही नाही. नुसता मागं बसला, जमिनीत टाचा रोवून. काठी थांबली. थरथरली. मग इतकी सावकाश सरळ झाली की मला वाटलं आपण सगळे कलतोय आणि तीच जागची हलत नाहीये.

"भैरवनाथाच्या नावानं!" कुणीतरी म्हणालं, आणि माळ "चांगभलं!" नं फुटला. मी माईक हातात धरून चिंचेखाली बसलो होतो.

संध्याकाळी पंचांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "माजा पंचा चुकला. उशीर झाला." बस. मी उघडलेलं तोंड मिटलं. गोंधळात माझं वाक्य कुणाच्या ध्यानात राहिलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती इतकी मऊ होती की तिच्यावर मी तीन वर्षं झोपलो.

पुढच्या जत्रेआधी पंचांनी ठरवलं, तात्यांचं वय झालं, आता काठीशी गेनबा उभा राहील. तुमचा सत्कार झाला. शाल, नारळ, नवं पागोटं. आणि सत्काराचं भाषण कुणी केलं? त्याच कर्ण्यावरून, त्याच चिंचेखालून, मी केलं. काय बोललो म्हणता! रांजण आले, सराटे आले, वाकडचा पांढरा बैल आला. लोकांनी डोळे पुसले. तुम्ही खाली घोंगडीवर बसून माझ्याकडं बघत होता, तंबाखू मळत, जसं पहिल्या दिवशी कर्ण्याबद्दल ऐकलं होतंत तसंच. घरी पोचवायला आलो तर काकी दारात म्हणाल्या, "दत्तू, भाषन झ्याक झालं रं. सगळं व्हतं. मीठ तेवढं न्हवतं."

मी हसलो. नंतर दोन वर्षं तुमच्या ओट्यावर रोज येत होतो, आणि रोज आज सांगू म्हणत होतो. तुम्ही विषय काढलात का? नाही. तुम्ही विचारायचात, "काय दत्तूशेट, जग कुटवर गेलं?" मी म्हणायचो, "पिंपरीच्या पुढं गेलं, तात्या." आणि माझं ते एक वाक्य तुमचं काठीचं काम खाऊन बसलंय हे आपल्या दोघांमधे, पानाच्या डब्यासारखं, पडलेलं असायचं. फाल्गुनात तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाही मी आलो. तुम्ही विचारलंत, "माळावर सराटा किती हाय औंदा?" मी म्हटलं, "बघून सांगतो." बघितला नाही.

इथवर परवा लिहिलं होतं, तात्या. हे असंच तेराव्याला वाचून दाखवायचं आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण नुसतं कागदाआडून सांगणं म्हणजे परत कर्णाच. म्हणून काल सकाळी आधी गेनबाला गाठलं. तो देवळापुढं दोर उन्हात पसरून पीळ तपासत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. आवाज खालीवर न करता.

गेनबा पीळ बघतच राहिला. म्हणाला, "झालं?"

"झालं."

"दत्तोबा, आवं कर्ना व्हता त्यो. काळेवाडीपत्तुर आयकू गेला. आनि तुमी समजता कुनाला ठावं न्हाई?"

मी तिथंच दोरावर बसलो.

"मीच गेलो व्हतो त्या सांजच्याला तात्यांकडं," तो म्हणाला. "म्हनलं, दोर माजा सुटला, नाव दत्तोबानं घेतलं, तुमी कशापायी अंगावर घेता? तर म्हनले, खबरदार कुनी दत्तूला बोलाल तर. त्यो बोलायचा थांबंल. मंग जत्रंत हरवलेली पोरं कोन सापडवनार?"

"आणि सगळे गप्प राहिले? तीन वर्षं?"

"तात्यांनी घरोघर सांगितलं. चारी भावक्यांत. बायकास्नीबी." तो हसला. "आमच्या घरात तर तुमी आला की म्हातारी पदर तोंडात कोंबायची."

तात्या, काय माणूस तुम्ही! चार भावक्या एका पंच्याकडं बघतात हे पाहून मी थक्क व्हायचो, आणि तेव्हा तर ते एका जागी, डोळ्यांसमोर, घटकाभरच असायचे. इथं आख्खं गाव, तीन वर्षं, मी रोज त्यांच्या दारावरून जात असताना, त्यांच्या चोळ्या-सदऱ्यांची मापं घेत असताना, तुम्ही गप्प उभं केलंत. एक शब्द कलला नाही. एवढी मोठी जत्रा तुम्ही दुसरी भरवली नव्हती, आणि तिच्यात मी मधोमध, एकटाच, डोळे मिटून.

मग गेनबानं आणखी एक सांगितलं. म्हणाला, "आन् पंचा चुकला, उशीर झाला, ते त्यांनी खोटं न्हाई सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू व्हता त्यांच्या. तवा दोन सालं झाली व्हती. वरचं दिसतच नव्हतं. काठीला हात लावून वळखायचे कुटला दोर ढिला ते. मला काठी शिकवताना सांगितलं. कुनाला बोलू नगंस म्हनले."

तुमचा डावा हात! मी त्याला भक्ती समजत होतो. भाषणात तसं म्हणालोही होतो, टाळी मिळाली होती.

आता मला कळत नाही, तुम्ही मला झाकलंत की तुमचा डोळा झाकलात. एका पंच्याखाली दोन्ही बसवलंत, लबाड म्हातारे. कान ऐकू लागला की डोळा आळशी होतो, असं मला पाच वर्षं सुनावत होता, आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्यांचं काम कोण करत होतं, तर हात! या भांडणात मी जिंकलो असतो, तात्या. निदान बरोबरी तरी. तुम्ही ती संधी घेऊन गेलात. पण मग पुन्हा आठवतं, की न दिसणाऱ्या डोळ्यांनी तुम्ही बुंधा सोडून पश्चिमेला चालत गेलात, हात लावायला काठीही नव्हती, नुसत्या बायकांच्या किंकाळीच्या रोखानं. तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं? विचारायचं राहिलं. आणि आभार मानायचे राहिले, तेही इतके की आता मानायला लागलो तर हे सोयरे जेवायचे राहतील.

गेनबाला मी म्हटलं, "औंदा मला दोर दे. पूर्वेचा."

"तुमाला? हाताची सालटी निगतील. आन् कर्ना?"

"काठी उभी होईपर्यंत खाली उतरवून ठेवू. आणि मी दोरावर असलो म्हणजे खटका दाबायला हात उरत नाही."

त्यानं माझे हात बघितले, उलटे पालटे करून, बैल विकत घेताना दात बघतात तसे. मग म्हणाला, "मागून तिसऱ्या जाग्यावर. फुडं न्हाई."

आज पहाटे माळावर जाऊन आलो. अनवाणी. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगतो, सराटा औंदा बराच आहे. निम्मा माझ्या पायात आहे, बाकीचा उद्या काढतो.

तेव्हा जत्रेच्या दुपारी मी पूर्वेला असेन, दोन्ही हात दोराला, डोळे गेनबाच्या पंच्यावर. चिंचेवरून माझं नाव आलं तरी वर बघणार नाही. तुमच्या आवाजात आलं तरी नाही, तात्या. म्हणून एवढीच विनंती, काठी उभी होईपर्यंत मला हाक मारू नका.

उभी राहिली, की मग मारा.